शेवटची बाग

एकदा एक मिरीचा व्यापारी अरबस्तानातल्या एका हिरव्या नगरीत पोचला. माणूस कोकणातल्या खाडीकाठचा. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण बंदरोबंदरी फिरून अरबी बोलायला शिकलेला. पाच दिवस उंटावर हाडं खिळखिळी झाली, आणि अकस्मात समोर खजुरींचं रान, त्याखाली डाळिंबं, लिंबं, आणि मधून झुळझुळणारा दगडी पाट! डोंगराच्या पोटातलं पाणी भुयारातून इथवर आणलेलं होतं. व्यापाऱ्याने आधी पाटात पाय बुडवले, मग रामराम केला.

ज्यांच्याकडे तो उतरला ते म्हातारबाबा ह्या पाण्याचे पाटकरी. जमिनीत रोवलेल्या काठीची सावली खुणेच्या दगडावर आली, की एका बागेच्या मालकाने पाण्याची फळी बंद करायची, पुढच्याने उघडायची; त्यावर पाटकऱ्याची नजर. चाळीस वर्षं हे व्रत त्यांनी सांभाळलं. आता डोळे अधू झाले, म्हणून काम शिष्याच्या हाती द्यायचं ठरलं होतं. नव्या पाटकऱ्याला नगरीतर्फे त्याच्या पसंतीची बाग मिळत असे.

शिष्याने पाटाच्या तोंडाची बाग मागितली. तिचा मालक लेकाकडे बंदरावर राहायला निघाला होता.

"घे, दहा वर्षं राबलास, नगरी नाही म्हणणार नाही. सुखाने राहा," बाबा म्हणाले. "पण मग पाटाचं काम दुसऱ्याकडे जाईल. काम हवं असेल, तर माझी बाग घे. मी तुझ्या ओसरीवर पडून राहीन."

बाबांची बाग पाटाच्या अगदी शेवटी. पलीकडे लगेच वाळू. खजुरीही जरा अंगाने किरकोळच. शिष्याचा चेहरा पडला. दहा वर्षं हे काम शिकण्यात गेली होती, आणि घरात दोन महिन्यांचं बाळ होतं.

व्यापाऱ्याला राहवेना. "अहो बाबा, पोराला दाट सावली मिळतेय तर का आड येता? पाटकऱ्याने पाण्याच्या उगमाशीच बसावं की!"

"शेटजी, तुमच्याकडे पाणी आभाळातून पडतं," बाबा हसले. "चला, माझ्या बागेत बसू. माझ्या पाण्याची पाळी आलीच आहे."

तिघे कोरड्या चारीपाशी बसले. सावली खुणेवर आली. खुणेवरून पुढेही सरकली. पाणी नाही. बाबा आपले स्वस्थ.

"आज काही बोलाल की नाही?" शिष्य कळवळून म्हणाला.

"पाणी आलं की बोलू."

शेवटी शिष्य उठला. "वर कुणाचीतरी फळी उघडी राहिलीय!" म्हणत पाटाच्या कडेकडेने धावत सुटला.

बऱ्याच वेळाने चारीत आधी पाचोळा हलला, मग पाणी आलं. पाठोपाठ घामाघूम शिष्य आला आणि खाली मान घालून बसला.

"कुठे अडलं होतं रे?" व्यापाऱ्याने विचारलं.

"पाटाच्या तोंडच्या बागेत. फळी अर्धी उघडी. मालक अंजिराखाली घोरत होता."

"त्याला बोललास?"

"काय बोलणार? तो म्हणाला, 'पाणी कमी पडलं? छे! माझ्यासमोरून तर बदाबदा वाहतंय.' खोटं नव्हता बोलत."

बाबांनी चारीत बोटं बुडवली. "माणूस वाईट नाही तो. त्या सावलीत मी बसलो असतो, तर मलाही झोप लागली असती. माझ्या शेवटच्या खजुरीच्या बुंध्याशी पाणी पोचलं, की मला कळतं, सगळी नगरी प्यायली. नाही पोचलं, तर कुणी गाऱ्हाणं घेऊन यायच्या आत मी उठतो. उपकार म्हणून नव्हे. माझंच झाड वाळत असतं ना!"

शिष्याने वाहत्या पाण्याकडे पाहिलं, मग त्या किरकोळ खजुरींकडे. "बाबा," तो हळूच म्हणाला, "बाळाच्या पाळण्याला ह्यातलं कुठलं झाड बरं?"

"ते वाकलेलं. माझ्या मुलांचा तिथेच होता."

व्यापारी गावी परतला. पुढे त्याच्या घरी लेकीचं लग्न निघालं. पंगत बसली तेव्हा यजमान म्हणून सगळे त्याला मधल्या पाटाकडे ओढू लागले. तो हात सोडवून मांडवाच्या टोकाला, शेवटच्या पानावर जाऊन बसला.

"अहो, तिथे का?" व्याही म्हणाले.

"आमटी पुरते की नाही, ते इथे कळतं," तो म्हणाला, आणि वाढप्यांची वाट पाहत त्याने निवांत मांडी घातली.