कोंडाईचा हात

एका राज्यात, जिथे डोंगर पायी चालत आणि पक्षी न्यायनिवाडा करीत, झरेवाडी नावाचं बारा घरांचं गाव होतं. गाव एवढंसं, पण त्याच्या संबळाचा ठेका सात डोंगरांपलीकडे गाजलेला. जत्रेच्या सकाळी तो वाजला की खडकातून झरा फुटे आणि वर्षभर गावाला पाणी पुरे. एक जत्रा जरी ठेक्याविना गेली, तरी झरा कायमचा आटणार होता.

गावाची एक रीत होती. संबळावर काठी पडण्याआधी वाजवणाऱ्याने 'हात सांगायचा', म्हणजे आपण कोणाकडून शिकलो त्याचं नाव घ्यायचं. ही रीत मोडली ती गावातल्या सर्वांत नामी वादकाने, धोंडजीने. राजाने त्याला दरबारात बोलावलं, अंगावर जरीची शाल घातली आणि विचारलं, "हात कोणाचा?"

धोंडजीला शिकवलं होतं कोंडाईने, गोठ्यात शेण भरणाऱ्या म्हातारीने, पालथ्या पाटीवर बोटं आपटून. एवढ्या सरदारांपुढे ते नाव त्याच्या ओठांवर येईना. शालीची ऊब डोक्यात गेली म्हणा.

"महाराज," तो म्हणाला, "माझा मीच शिकलो."

राजाचा खजिनदार तामसनाथ मोठा मांत्रिक. तो याच बोलाची वाट पाहत होता. "ज्याला मूळ धनी नाही, ते खजिन्याचं," म्हणत त्याने तांब्याचा हंडा उघडला. ठेका सरसर आत शिरला आणि झाकण बसलं. त्या क्षणी झरेवाडीतले सगळे संबळ मुके झाले. जत्रेला उरले होते तीन दिवस.

धोंडजीने शाल तिथेच टाकली आणि खजिन्याकडे धाव घेतली. दारावर पिवळ्या चोचीचा धनेश पक्षी पहारा करीत होता.

"तीन कामं कर, हंडा उघडेल," धनेश म्हणाला. "पहिलं, दाराची किल्ली आण. ती डोहातल्या मगरीच्या पोटात आहे."

धोंडजी मगरीसमोर बसला आणि जांभया देऊ लागला. एक, दोन, दहा! जांभईची लागण कोणाला चुकली आहे? मगरीने आ वासला, याने खांद्यापर्यंत हात घातला आणि किल्ली घेऊन धूम ठोकली.

त्या किल्लीने दार उघडत धनेश म्हणाला, "दुसरं, चालता डोंगर थांबव."

डोंगर तेव्हा गावंच्या गावं ओलांडत निघाला होता. धोंडजी त्याच्या बरोबरीने पळत म्हणाला, "बाबा, दमला असशील. बस की घटकाभर." हजार वर्षांत त्याला असं कोणी म्हटलं नव्हतं. डोंगर मटकन खाली बसला.

धोंडजी नाचतच परतला. जत्रेचा दिवस उजाडत होता. "तिसरं काम सांग, लवकर."

"भर दरबारात हात सांग."

मगरीपुढे न डगमगलेला धोंडजी दरबाराच्या उंबऱ्याशी अडला. तेच सरदार, तोच राजा. त्याला कोंडाईची शेणाने माखलेली बोटं आठवली. ठेका चुकला तरी त्या बोटांनी कधी मारलं नव्हतं, पुन्हा पहिल्यापासून वाजवून दाखवलं होतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"महाराज, मी खोटं बोललो. हा हात कोंडाईचा. ती आमच्या गावात शेण भरते."

तिकडे खजिन्यात हंडा गदगदू लागला. तामसनाथ धावत जाऊन झाकणावर बसला, आणि झाकणासकट जो उडाला तो अजून खाली आलेला नाही.

"त्या बाईंना मला भेटायचं आहे," राजा म्हणाला.

बसलेला डोंगर उपकार विसरला नव्हता. त्याने दोघांना पाठीवर घेतलं आणि सात ढांगांत झरेवाडी गाठली. धोंडजीने हात सांगितला, संबळावर काठी टाकली, ठेका कडाडला आणि खडक फोडून पाणी उसळलं. अख्खं गाव चिंब भिजून नाचू लागलं. धोंडजीने कोंडाईच्या पायांवर डोकं ठेवलं.

राजाने हात जोडून विचारलं, "बाई, आपला हात कोणाचा?"

कोंडाईने पदराला बोटं पुसली. "माजा व्हय? ह्या चांदी म्हशीचा. चढणीला तिचं पाय असंच पडायचं."

राजाने धोंडजीने टाकलेली शाल बरोबर आणली होती. ती त्याने स्वतःच्या हाताने म्हाताऱ्या चांदीच्या पाठीवर घातली. चांदीने शालीचा पदर चघळायला घेतला.

तेव्हापासून झरेवाडीत काठी पडण्याआधी धोंडजी, कोंडाई आणि चांदी, अशी तीन नावं घेतात, आणि तिसऱ्या नावाला मोठमोठे सरदारही मान लववतात. त्यांचा झरा वाहता राहिला, तसा ऐकणाऱ्यांचाही राहो.