वाटीभर साखर, वाटीभर ऊन

एका गावात ऊन पिणारं घर होतं. गच्चीवरची निळी सोलर पॅनेलं दिवसभर आभाळाकडे बघत पडून असायची आणि उरलेली वीज तारेवरून हळूच गावात निघून जायची. दिवे लागले की घरमालकीण रेणुकाबाई तेवढीच वीज परत घ्यायच्या. बिलात घेतलेल्या विजेतून दिलेली वीज वजा व्हायची.

मग वीज कार्यालयात घारपुरे साहेब आले, राहायलाही शेजारीच. त्यांनी वजावट बंद केली.

"बाई, तुमची दिवसाची वीज गिरणीत वापरून संपली. संध्याकाळी घेता ती आमची. पूर्ण बिल भरा, नाहीतर कनेक्शन तोडू."

रविवारी साहेब रेणुकाबाईंकडून उसनी नेलेली साखर परत द्यायला आले. रेणुकाबाईंनी वाटी उन्हात धरली. दाणे चांदण्यांसारखे लुकलुकले.

"माझी साखर तर तुमच्या चहात विरघळून संपली, साहेब. ही तुमची आहे. काय भाव लावलात?"

साहेब हसले. "भाव कसला? वाटीभर नेली, वाटीभर आणून दिली. फिटलं."

रेणुकाबाईंनी बिल आणि पेन पुढे केलं.

"एवढंच यावर लिहून द्या."

साहेबांनी वर पाहिलं. पॅनेलं निवांत ऊन पीत होती. त्यांनी पेन घेतलं.