अकरा खेपा

"मग माझं चुकलं कुठे, सर?"

निशिकांत उरकुडे हे तिसऱ्यांदा विचारत होता. खोब्रागडे सर अंगणात खाटेवर बसले होते. सकाळपासून आभाळ दाटून होतं. दुपार झाली तरी ऊन पडलं नव्हतं.

सरांनी तीस वर्षं मँगनीजच्या भूमिगत खाणीत, पाळीवर देखरेख करणारा ओव्हरमन म्हणून काढली. उरकुडेला पहिल्यांदा जमिनीखाली नेलं ते त्यांनीच. पुढे तो शिकला आणि त्याच खाणीत नियोजन अधिकारी होऊन आला.

त्याने संगणकात अख्खी खाण उभी केली. तोच उतार, तीच वळणं, तेच डंपर. वर्षभराची वाहतूक पडद्यावर चार मिनिटांत होऊन जाई. त्या पडद्यावरच्या खाणीने सांगितलं, आठ डंपर कशाला? सहा पुरेत. फक्त प्रत्येकाने पाळीत अकरा खेपा करायच्या.

दोन डंपर दुसरीकडे गेले. त्यांचे चालकही गेले. उरकुडेचा सत्कार झाला.

मागच्या मंगळवारी, दहाव्या खेपेला, फागू मरसकोल्हेचा डंपर उतारावरच्या वळणात भिंतीवर आदळला. फागू जागीच गेला.

"हजार वेळा चालवून पाहिलं होतं मी," उरकुडे म्हणाला. "एकदाही कोणी आदळलं नाही."

"पडद्यावर."

"हो, पण आकडे खरे होते, सर. ऐकीव एकही घेतला नाही. तीन दिवस मी स्वतः स्टॉपवॉच घेऊन खाली उभा होतो. एकेक खेप मोजली."

खाटेखालची बादली त्यांनी पायाने पुढे सरकवली.

"हातपंपावरून पाणी आण."

उरकुडे उठला.

"थांब. ते घड्याळ आहे का जवळ?"

त्याने खिशातून स्टॉपवॉच काढून दिलं. सरांनी बटण दाबलं.

"जा."

तो परत आला तेव्हा त्याला धाप लागली होती. पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती, बादली अर्धीच उरली होती.

"दोन मिनिटं चाळीस," सर म्हणाले. "पळालास?"

"नाही... भरभर चाललो."

"मी सांगितलं होतं, भरभर चाल म्हणून?"

"नाही."

"मग?"

उरकुडे सरांच्या हातातल्या घड्याळाकडे पाहत राहिला.

"तू खाली उभा नव्हतास, तेव्हा किती वेळ लागायचा त्यांना?"

"ते... नाही मोजलं."

सरांनी पाणी पेरूच्या बुंध्याशी ओतून दिलं. रिकामी बादली पुन्हा त्याच्यापुढे ठेवली.

"दोन चाळीस. अजून दहा खेपा. उद्याही अकरा. परवाही."

उरकुडेने बादलीला हात लावला नाही. तो खाली, मातीतच बसला.



"मोजणीच्या पहिल्या दिवशी फागू माझ्याजवळ आला होता," तो म्हणाला. "गाडी तशीच चालू ठेवून उतरला. म्हणाला, 'साहेब, कोनाले कमी करनार हाय का?'"

"तू काय सांगितलंस?"

उरकुडे नखाने माती उकरू लागला.

"काय सांगितलंस, निशिकांत?"

"घड्याळ चालू होतं, सर. मी म्हटलं, गाडी काढ."

सरांनी मान खाली घातली. कुठेतरी दूर पाळी बदलल्याचा भोंगा झाला. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

"त्याची बायको खाणीच्या फाटकाशी येऊन बसते," उरकुडे म्हणाला. "कुणाला काही विचारत नाही. नुसती बसते. मी मागच्या दाराने जातो."

सरांनी घड्याळ त्याला परत दिलं.

"उद्या चौकशी आहे. व्यवस्थापन म्हणतं, गाडीचा वेग मर्यादेच्या वर होता, म्हणून चूक चालकाची. कागद तयार आहे. मी नुसतं माझं मत लिहून खाली सही करायची."

"वेग वर होता?"

"होता, सर. तेवढं खरं आहे."

"मग सही कर."

उरकुडेने दचकून वर पाहिलं.

"सर... पण मत काय लिहू?"

खोब्रागडे सरांनी डोळे मिटले. मग म्हणाले,

"लिही... फागू नेमून दिलेल्या वेळेत होता."