दोन घाटांवरचे दोन मांडव

इतकी जुनी गोष्ट आहे, की तेव्हाचा राजा कोण होता हे सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही.

एका नगराबाहेरच्या नदीला दोन घाट होते. वरच्या घाटावर जवळच्या वाड्यांतून रोज दूध यायचं, खालच्या घाटावर समुद्राकडून मीठ. वरची नाव एक नावाडीण वल्हवायची, खालची तिचा दीर. आलेल्याला घाटावरून परत पाठवायचं नाही, ही त्या घराची रीत. सासूने तिच्या हाती वल्हं दिलं, तेव्हा हेच बजावलं होतं.

पुढे वर्दळ वाढली. नावेत माणसं मावायची दहाच. मग नावाडिणीने दोन्ही घाटांवर मोठे मांडव घातले. सावली, बसायला घोंगड्या, प्यायला रांजणभर पाणी. आता कुणीच परत जाईना. भरलेला मांडव बघून तिचा ऊर भरून यायचा. तुमचा-माझाही आला असताच की.

पण महिन्याभरात नगरात दूध नासूनच पोचायला लागलं. लेकरं उपाशी रडू लागली. राजाने तिला बोलावून आठ दिवसांची मुदत दिली. नाहीतर वल्हं दुसऱ्या घरात जाणार. तिने हाताला फोड येईस्तोवर नाव वल्हवली. पण नाव तेवढीच, नदी तेवढीच. मांडवामुळे लांबली होती ती फक्त रांग.

दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या गवळणीने नासलेल्या दुधाची चरवी मांडवाच्या खांबाशीच उपडी केली.

“बाई, तुझ्या सावलीत बसून माझं दूध गेलं. आल्या आल्या नाही म्हणाली असतीस, तर घरी जाऊन विरजण तरी लावलं असतं.”

“आमच्या घरात आलेल्याला नाही म्हणत नाहीत, आजी.”

“मग ते पाहुण्यांना म्हणू नकोस. मी काय तुझ्याकडे जेवायला आलेय?”

त्या रात्री नावाडीण विचार करत राहिली. सासूचा शब्द एकीकडे, उपाशी लेकरं दुसरीकडे. सकाळी उठून तिने वरचा मांडव उतरवला आणि तीस जणींपुरती सावली तेवढी ठेवली. ती भरली की उंच बांबूवर लाल फडकं चढायचं. वाड्या समोरच होत्या. फडकं अंगणातून दिसायचं. पहिल्या दिवशी काही जणी अर्ध्या वाटेवरून परतल्या आणि तिच्या नावाने बोटं मोडत बसल्या. दोन दिवसांनी मात्र फडकं उतरल्यावरच त्या धारा काढायला बसू लागल्या. दूध नगरात पोचायचं तेव्हा ते अजून कोमट असायचं.

आता सगळेच शहाणे झाले. राजाचा सुतार म्हणाला, खालचा मांडवही पाड, राज्य एक तर माप एक. तिलाही ते पटलं. कुऱ्हाड घेऊन ती खाली गेली, तर मांडव रिकामा. वाटलं, बरं झालं. तेवढ्यात घंटा वाजल्या आणि मिठाच्या गोण्या लादलेले दोनशे बैल एकदमच घाटावर उतरले. पंधरवड्यातून एकदा येणारा तांडा होता तो.

नावाडिणीने तांड्याच्या नायकाला विचारलं, जागा नाही म्हणून परत पाठवलं तर?

नायक हसला. “मीठ काही नासत नाही, बाई. तीन दिवस बसू. पण परत पाठवशील तर पाच मुक्काम मागे नि पाच पुढे. तुझं फडकं आमच्या गावातून दिसतं होय?”

तिने कुऱ्हाड खाली ठेवली. सुताराने पुष्कळ तोंड वाजवलं, पण तिने उलट त्याच्याकडूनच मांडवाला चार खांब जास्तीचे लावून घेतले.

आठव्या दिवशी राजा वल्हं काढून घ्यायलाच आला. वर पाहिलं, तर सावलीत जेमतेम तीस बायका आणि ताजं दूध. खाली पाहिलं, तर शेकडो गोण्या ओळीने थांबलेल्या, एकही वाया न गेलेली. त्याने विचारलं, “यातला बरोबर मांडव कोणता?”

“दोन्ही, महाराज. वर माझा नकार घटकेत घरी पोचतो. खाली पोचायला पाच दिवस लागतात.”

वल्हं तिच्याच हाती राहिलं. सुताराने त्या वर्षी आणखी सात घाटांवर मांडव घातले, पण आधी दरवेळी तिला विचारून.

बोध: ज्याला नकार लगेच कळतो त्याला दारातच सांगावा, आणि ज्याला तो उशिरा कळणार त्याच्यासाठी ऐसपैस जागा राखावी.