मायनसची गाठ

“...पण पंखा फिरतोय की वो, उस्ताद! मग गाडी तापतीय कशी?”

दस्तगीर उस्ताद मातीच्या धुपाटण्यातल्या निखाऱ्यांवर फुंकर घालत बसले.

गुरुवारची संध्याकाळ होती. कोल्हापुरात उद्यमनगरातलं त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण गुरुवार काही चुकला नाही. म्हातारा शटर वर करणार, निखाऱ्यावर ऊद टाकणार, रिकाम्या दुकानात धूर फिरवणार आणि परत शटर ओढून घरी जाणार. कुणी म्हणालंच, “उस्ताद, हत्यारं गेली, गिऱ्हाईक गेलं, आता धूर कुणाला दाखवताय?” तर म्हणायचे, “भिंतींना सवय हाय बाबा.”

सर्जेराव चौगुले दारात उभा होता. मिसरूड फुटायच्या आधी तो ह्याच दुकानात कामाला लागला होता. आता हायवेला त्याचं स्वतःचं दुकान. काचेचं ऑफिस, कॉम्प्युटरवर गाडीचा बिघाड सांगणारं मशीन, दारात गाड्यांची रांग. गाडीत काही विजेचं अडलं की लोक म्हणणार, सर्जेरावाकडं न्या. आणि गडीही काही कमी नाही बरं! ‘आमच्या हातची जोडणी परत उघडावी लागत नाही,’ असं त्यानं पाटीवरच रंगवून घेतलं होतं.

अशा माणसाची स्वतःची गाडी घाटात उकळत होती.

“काय काय बघितलंस?” उस्तादांनी विचारलं.

“बघायचं काय ठेवलंच न्हाई. रिले बदलला, फ्यूज बदलला, गरम झाल्यावर पंखा चालू करतंय ते बटण बदललं. बॅटरीपासनं नवी जाड वायर ओढली. मीटर लावला, करंट बरोबर. रेडिएटर धुऊन काढला. उभी करून ठेवा, गरमीचा काटा हलत न्हाई. आन् रस्त्याला लागून जरा वेग घेतला, की चढलाच काटा! केर्ली गाव सोडून घाट लागला की बॉनेटमधनं वाफ.”

“म्हंजे उभी हाय तवर शहाणी.”

“व्हय.”

“चालाय लागली की बिघडती.”

“तेच तर सांगतोय की.”

“...लई माणसं अशीच असत्यात,” असं म्हणून उस्तादांनी परत फुंकर घातली.

सर्जेरावाला हसू आलं नाही. इथं त्याचा जीव टांगणीला लागला होता आणि ह्यांना थट्टा सुचत होती!

गाडी आबांची होती, त्याच्या वडिलांची. जुनी फियाट. आबांनी ती जन्मभर भाड्यानं फिरवली. लग्नाची वऱ्हाडं नेली, अडलेल्या बायका दवाखान्यात पोचवल्या. पण वर्षातला एक रविवार गिऱ्हाइकाचा नव्हता. त्या दिवशी गाडी धुऊन, बायकोला पुढच्या सीटवर बसवून ते जोतिबाच्या डोंगराला जायचे. मागच्या सीटवर सर्जा. परत येताना तिघांची कापडं गुलालानं माखलेली, आणि आबा वळणावळणाला हॉर्न वाजवत ओरडायचे, चांगभलं!

आबा गेले. गाडी पत्र्याच्या शेडात पडली. इंजिन गंजून बसलं.

आणि ह्या वर्षी आई म्हणाली, एकदा डोंगर बघायचा हाय रं. सर्जेरावानं आपली नवी एसी गाडी दारात आणून लावली. म्हातारीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“ह्यातनं न्हाई. त्येंच्या गाडीतनं.”

आता आईपुढं कुणाचं चाललंय? त्यानं एका जिप्सी जीपचं इंजिन आणलं आणि फियाटच्या पोटात बसवलं. ते जरा लांबडं निघालं. मूळचा पट्ट्यावर फिरणारा पंखा इंजिन आणि रेडिएटरच्या मध्ये मावेना. म्हणून सर्जेरावानं रेडिएटरच्या पुढं, तोंडावरच्या जाळीला लागून, विजेचा पंखा बसवला. इथवर सगळं झकास झालं.

दोनदा आईला घेऊन निघाला. दोनदा घाटातनं परत. दुसऱ्या खेपेला ती मांडीवर गुलाल-खोबऱ्याची पिशवी धरून त्या वाफेकडं नुसती बघत बसली. मग म्हणाली, “राहू दे बाळा. द्येवाच्या मनात न्हाई.”

ते वाक्य सर्जेरावाच्या काळजात रुतून बसलं होतं. देवाला कशाला मध्ये आणायचं? वायरिंग तर त्याच्या हातचं होतं. म्हातारी दिवसागणिक हलकी होत चालली होती, जिना चढताना दर पायरीला थांबत होती. येता रविवार हुकला तर पुढचा सापडेलच, असं कुणी सांगावं?

“उस्ताद, तुमी एकदा डोळ्याखालनं घाला. वायरिंगमधी खोट न्हाई एवढं म्हना, मी उद्या इंजिन खोलतो.”

“डोळे कुटं ऱ्हायल्यात आता...” उस्ताद म्हणाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. “पंखा कुटला लावलास?”

सर्जेरावाचा चेहरा पहिल्यांदा उजळला.

“तुमचाच की.”

दुकान बंद केलं त्या दिवशी उस्तादांनी सगळ्या शागिर्दांना बोलावून घेतलं होतं. ज्याला जे पाहिजे ते न्या म्हणाले. कुणी व्हाइस उचलला, कुणी डाग द्यायचं सोल्डरिंगचं हत्यार, कुणी चार्जर. सर्जेरावानं कोपऱ्यातला रेडिएटरचा तो जुना पंखा उचलला. सगळे हसले, अरे भंगार कशाला नेतोस! पण त्या पंख्याच्या एका वायरीला उस्तादांच्या हातची गाठ होती.

ती गाठ म्हणजे ह्या दुकानाची रीत. गाडीच्या पोटातल्या वायरी तेलानं, धुळीनं काळ्याठिक्कर पडतात. लाल कुठली, काळी कुठली, कुणाच्या बापाला कळत नाही. म्हणून उस्ताद मायनसच्या वायरीला बारीक गाठ मारायचे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की पोरांना डोळे मिटून बसवायचे आणि हातात वायरींचा झुबका द्यायचे. मायनस काढ. चुकला की टपली. बरोबर आला की स्वतःच्या बशीतला निम्मा चहा. त्या चहाची चव सर्जेरावाला पुढं कुठल्याच हॉटेलात सापडली नाही.

“गाठ हाय अजून?” उस्तादांनी विचारलं.

“हाय म्हंजे? हातसुद्धा लावला न्हाई!” सर्जेराव छाती काढून म्हणाला. “मशीनवर माझा इस्वास न्हाई येवढा त्या गाठीवर हाय.”

उस्तादांनी फुंकर थांबवली.

...

मग त्यांनी धुपाटणं उचललं, दुसरा हात सर्जेरावाच्या खांद्यावर ठेवला आणि बाहेर आले. दारात उभ्या फियाटच्या तोंडापुढं उकिडवे बसले.

“चालू कर पंखा.”

पंखा भणाणला. उस्तादांनी निखाऱ्यांवर मूठभर ऊद टाकला आणि धुपाटणं थेट जाळीपुढं धरलं.

“अवो उस्ताद! पेट्रोलची गाडी हाय, निखारा...”

“टाकी मागं हाय. मला शिकवतोस व्हय रं?”

धूर वर उठला. जाळीपाशी गेला. आणि तिथनं वळला तो सगळा उस्तादांच्या तोंडावर! डोळ्यांत गेला, पांढऱ्या दाढीत शिरला. म्हातारा खोकायला लागला, पण धुपाटणं काही हलवलं नाही.

सर्जेराव बघतच राहिला.

धूर आत ओढला जायला हवा होता. पंखा तर वारा बाहेर फेकत होता. गाडी उभी असताना चालून जात होतं, वारा कसाही जावो, रेडिएटरमधनं जातोय ना! पण गाडीनं वेग घेतला की समोरनं रस्त्याचा वारा यायचा, आतनं पंख्याचा वारा जायचा, आणि दोघं जाळीत एकमेकांना अडवून बसायचे. रेडिएटरला वाराच नाही. मग उकळणार नाही तर काय होणार?

“आईशप्पत...” सर्जेराव पुटपुटला. “पर उस्ताद, गाठ तर मायनसचीच हाय न्हवं?”

“हाय.”

“तुमीच मारलेली.”

“मीच मारलेली.”

“मग चुकली कशी?”

“चुकली कुटं?” उस्तादांनी डोळे पुसले. “तवा ह्यो पंखा रेडिएटरच्या मागं बसायचा. तू म्होरं बसवलास.”

सर्जेरावाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मागचा पंखा पुढं आणताना त्यानं त्याचं तोंड फिरवून रेडिएटरकडं केलं होतं. तोंड फिरलं म्हणजे वारा उलटा झाला. वारा सुलटा करायचा तर दोन्ही वायरींची अदलाबदल करायची, बस्स! हे त्याच्या दुकानातल्या नव्या पोरानंसुद्धा सांगितलं असतं. त्याला का सुचू नये? त्यानं रिलेवर संशय घेतला, बटणावर घेतला, बॅटरीवर घेतला, परक्या गाडीच्या इंजिनावर घेतला. आणि आज तर तो सगळं इंजिन खोलायला निघाला होता. एका त्या गाठीवर तेवढा संशय घेतला नव्हता.

त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा वाईट जास्त वाटलं.

त्यानं खाली बसून वायरी सोडवल्या, अदलाबदल केली. गाठीची वायर आता प्लसला लागली. पंखा चालू केला. उस्तादांनी धुपाटणं परत पुढं धरलं. धूर जाळीतनं सुळकन आत शिरला आणि क्षणात उदाचा वास सगळ्या इंजिनात भरला.

“झालं!” सर्जेराव उठला.

“गाठ?” उस्ताद म्हणाले.

“...राहू दे की, उस्ताद. तुमच्या हातची हाय. आठवण म्हणून.”

उस्तादांनी नुसता हात पुढं केला.

सर्जेरावानं पंखा बंद केला, वायर काढून त्यांच्या हातात दिली. म्हातारा बंपरला टेकून बसला आणि नखांनी गाठ सोडवायला लागला. जुनी गाठ, तेल पिऊन दगड झालेली. सर्जेरावानं पक्कड पुढं केली, ती त्यांनी बाजूला सारली. नख मोडलं. सर्जेरावाला बघवेना, त्यानं तोंड फिरवलं आणि बाहीनं डोळे पुसले.

बऱ्याच वेळानं वायर त्याच्या तळहातावर आली. गाठ गेली होती, वायरीत तेवढा वाक उरला होता.

“जोड,” उस्ताद म्हणाले आणि शटर ओढायला उठले.

रविवारी आई पुढच्या सीटवर बसली. केर्ली गेली, घाट लागला. सर्जेरावाचा एक डोळा रस्त्यावर आणि एक काट्यावर. काटा मध्यावर आला आणि तिथंच बसून राहिला. पहिलं वळण, दुसरं वळण. जिथं दोनदा वाफ निघाली होती तिथं आई म्हणाली, “थांबीव रं हितं जरा.”

त्याची नजर झटकन काट्यावर गेली. “का? काय झालं?”

“काय न्हाई. हितं गाडी थांबवून त्ये मला खालचा मुलूख दाखवायचे. ती बघ आपली पंचगंगा म्हणायचे. तवाच्या धुक्यात कुटनं दिसणार? पर मी आपली व्हय म्हणायची.”

गाडी थांबली. थांबवली म्हणून थांबली. दोघं मायलेकरं काचेतनं खाली बघत बसले. पंचगंगा ऊन पडलेलं असूनही दिसत नव्हती. “दिसली?” त्यानं विचारलं. आई म्हणाली, “व्हय.” आणि पदर तोंडाला लावून रडली, मग हसली. पुढं सर्जेरावानं दर वळणाला हॉर्न वाजवला.

येताना गाडी थेट उस्तादांच्या दारात. गुलालानं माखलेली म्हातारी खाली उतरली.

“दस्तगीरभावजी, खोबरं घ्या. तुमच्यामुळं डोंगर घडला.”

“माझ्यामुळं तर तापत हुती, वहिनी,” उस्ताद म्हणाले. खोबरं त्यांनी कपाळाला लावून तोंडात टाकलं. मग चाचपडत पुढं येऊन बॉनेटवर तळहात ठेवला, जरा वेळ ठेवूनच राहिले. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

“कोमट हाय,” ते म्हणाले.

आई गाडीत जाऊन बसली. सर्जेराव मात्र घुटमळत उभा. बोटाला गुलाल, मनात चुळबूळ.

“उस्ताद, एक इचारू?”

“इचार की.”

“मायनस आता दुसरी वायर झाली. तिला गाठ मारू का?”

उस्ताद वळून दाराकडं निघाले होते. ते थांबले.

“मार की. रीतच हाय आपली.”

सर्जेरावाला बरं वाटलं. त्यानं वाकून त्यांच्या पायाला हात लावला, गाडीत बसून चावी फिरवली. उंबऱ्यापाशी पोचलेला म्हातारा तेवढ्यात मागं वळला.

“सर्जा...”

“जी, उस्ताद?”

“सैल मार.”