कुठलं छत पाडू?

भुयारात छताचा दगड सुटला आणि खाणकामगार कवडू टेकामचा पाय मोडला. डॉक्टरांनी केसपेपरवर ‘छत कोसळून इजा’ असं लिहूनही टाकलं; कुठलं छत, ते मात्र लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी खाणीचे मॅनेजर देवस्थळे साहेब सफरचंदं घेऊन दवाखान्यात आले. सोबत टाइप केलेला कागद होता: ‘कंपनीच्या क्वार्टरमध्ये, घरचं छत पडून इजा झाली.’

“सही कर,” साहेब म्हणाले. “वर्षभरात एकही अपघात नाही म्हणून परवा खाणीला ढाल मिळतेय.”

भरपाई बुडवून वर फळं चारतो हा बाबा! पण कवडू गोड हसला. त्याने बायकोला घरून एक जुना अर्ज आणायला लावला. घरच्या छताला भेगा पडल्याचा तो अर्ज होता. त्यावर साहेबांचाच शेरा होता: ‘स्वतः पाहणी केली. छत भक्कम आहे. दुरुस्ती नको.’

“साहेब, खाणीचं छत पडलं तर नुसती ढाल जाते. घरचं पडलं तर तुमची नोकरी जाते. आता तुम्हीच सांगा जी, कुठलं पाडू?”

साहेबांनी आपला टाइप केलेला कागद टराटरा फाडला आणि ‘खाणीत छत पडून इजा झाली’ असा नवा लिहून दिला. जाताना सफरचंदं मात्र आठवणीने उचलून नेली.