येसबांचा पहिला दिवस

गजरे विणणाऱ्या नामाजीला चाळिशीत स्वप्न पडलं, की आपण पैलवानांचा लाकडी मुद्गल फुलासारखा फिरवतोय. सकाळी त्याच तंद्रीत तो तालमीत शिरला. झरोक्यातून कोवळं ऊन उतरत होतं, हळद-ताक मिसळलेल्या आखाड्यातल्या मातीचा वास दरवळत होता.

त्याचे काटकुळे दंड बघून येसबा वस्तादांनी मणभर वजनाच्या मुद्गलाकडे बोट केलं. “उचल, नाहीतर चालू लाग! मी पहिल्याच दिवशी शंभरदा फिरवला होता.”

पठ्ठे हसले. नामाजी भिंतीवरच्या, येसबांच्या गुरूंच्या तसबिरीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “मग वस्ताद, गुरूंनी तुम्हाला शिकवलं तरी काय?”

येसबांनी तसबिरीकडे पाहिलं, कानाची पाळी धरली आणि नामाजीच्या हातात फावडं दिलं.

“माती उकर. पहिले सहा महिने मी हेच केलं होतं.”